दोनशे बारा झरोके

मेच्या एका निरभ्र सकाळी विमान गेलं
लेस्टरवरून, नांगराच्या तासांसारख्या रेघा ओढत,
पूर्वेकडे, मग वळून पश्चिमेकडे.
खाली कुणी मान वर केली नसेल.

तेव्हापासून माझ्या टेबलावर आहेत
एक लाख सहा हजार छपरं.
दारं नाहीत, माणसं नाहीत,
नुसती शहराची टाळू.
प्रत्येक छपराचा उतार, दिशा, दिवसभराची सावली,
आणि शेवटी शंभरपैकी गुण:
इथे सोलर पॅनेल, इथे भाजीचे वाफे,
इथे पावसाचं पाणी साठवा,
इथे काहीच नको, स्लेट भुसभुशीत झाली आहे.
गुण मी देते. मास्तरणीची मुलगी आहे,
हात जरा आखडता असतो.

मेल्टन रोडच्या मागे मोज्यांची एक जुनी गिरणी.
मोजे कधीच थांबले. खाली आता टायरवाला, वर गोदाम.
छप्पर सपाट. उतार दोन अंश. सावली जवळजवळ नाहीच.
मी एक्याण्णव देणार होते,
तर संगणकानं टीप जोडलेली:
झरोके, दोनशे बारा. गोल. व्यास वीतभर.

एवढे झरोके
कुठल्या शहाण्याने पाडले असतील?
ग्वेन म्हणाली, बुरशी.
डंकन म्हणाला, गळतीवर मारलेला पांढरा रंग.
आमच्या धंद्यात अशा वेळी
जमिनीवर जाऊन सत्य बघून यायचं असतं.
हे सत्य चार जिने वर होतं.

किल्ली उजीबेन चौहानांकडे.
शहात्तर साली ब्लँटायरहून आल्या,
याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर
एकोणीस वर्षं मोज्यांची टोकं शिवली.
गिरणी बंद झाली तेव्हा किल्ली द्यायची राहिली.
कुणी मागितलीच नाही, म्हणाल्या,
आणि माझ्यापुढे जिना चढू लागल्या,
दर मजल्यावर थांबत,
तिसऱ्यावर जरा जास्त.

वर प्लास्टिकचा कागद, कडेनं विटा,
आणि उडदाचे पापड.
इथल्या उन्हाचा भरवसा नाही, म्हणून
रात्रीच्या बातम्यांत हवामान बघायचं,
मगच पीठ कुटायला घ्यायचं.
विमान गेलं त्या दिवशी दोनशे वीस लाटले होते.
आठ कबुतरांनी नेले.
आमचा संगणक एवढा अचूक आहे
हे मला तिथे कळलं.

"तुला दिसले कसे?" त्यांनी गुजरातीत विचारलं.
मी मराठीत सांगितलं, विमानातून.
"मग हाक मारायची ना वरून.
डोक्यावर पदर तरी घेतला असता."

ऑफिसात येऊन फोटो पुन्हा मोठा केला.
रांगेच्या टोकाला तेरा पिक्सेलांची एक सावली,
किंचित वाकलेली.
तिला मी धुराडं म्हणून सोडून दिलं होतं.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे, सध्याचा वापर:
रिकामं, यंत्रं, झाडं, इतर.
इतरपुढे वीस अक्षरांची जागा.
ड्राइंग? फूड? काय लिहू?
शेवटी आईच्या अक्षरवळणाची आठवण ठेवून
देवनागरीत टाइप केलं: वाळवण.
फॉर्मनं ते घेतलं, चौकोन चौकोन करून.

गुण एक्याण्णवच राहिले. मी काही कमी करू शकले नाही,
खरं तर करायचेही नव्हते; वीज काय
कुणाच्या घरात नकोशी असते?
सप्टेंबरात पॅनेल बसले, निळे, दक्षिणेला तोंड करून.
फक्त कठड्याजवळ मीटरभर पट्टी मोकळी,
दुरुस्तीवाल्यांच्या पायांसाठी, नियमाप्रमाणे.
उजीबेनना एवढंच फोनवर कळवलं: मीटरभर.
त्या म्हणाल्या, मीटर म्हणजे किती हात?

यंदाच्या विमानाचे आकडे आज आले.
गिरणी, मेल्टन रोडच्या मागे.
झरोके, एकशे चाळीस. कठड्याच्या कडेनं,
एका रांगेत.
चूक दुरुस्त करायचं बटण उजवीकडे असतं.
मी चहा आणायला उठले.